नऊ नंबरची सळई

सोमवार, ४ ऑगस्ट

आज माझ्या खोलीत दुसरं टेबल आलं. विचारणं नाही, सांगणं नाही. तास घेऊन परत येतो तो काय, शिपाईमामा आणि आणखी एक जण माझं नकाशांचं कपाट भिंतीकडे रेटतायत. म्हटलं, "मामा, हे काय चाललंय?" तर म्हणतात, "नव्या मॅडमना बसायला जागा नको का, सर?"

सत्तावीस वर्षं ही खोली माझी. तडक प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, "भूगोल एकच ना सर, मग खोलीही एकच!" आणि स्वतःच हसले.

भूगोल एक नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच तासाला फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढून दाखवतो. डावीकडे प्राकृतिक भूगोल: डोंगर, नद्या, माती, वारा. माणूस नव्हता तेव्हाही हे होतं, माणूस गेल्यावरही राहील. उजवीकडे मानवी भूगोल: वस्त्या, रस्ते, धंदे, लोकसंख्या. थोडक्यात, उरलेलं. परीक्षेत दर वर्षी 'फरक स्पष्ट करा' येतो आणि दर वर्षी मुलं माझा तक्ता जसाच्या तसा उतरवतात.

नव्या मॅडम त्या उरलेल्याच्या. वय पस्तीसच्या आसपास. आल्या, खुर्चीवर उशी ठेवली, मामांना चहा विचारला. अर्ध्या तासात मामा त्यांना आपल्या गुडघ्याचं दुखणं सांगत होते. मामांना गुडघा आहे हे सत्तावीस वर्षांत मला माहीत नव्हतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

नोटीस लागली. पुढच्या वर्षापासून तिसऱ्या वर्षाला भूगोलाचा एकच विशेष पेपर राहणार. प्राकृतिक की मानवी, ते २४ सप्टेंबरच्या बैठकीत ठरेल. दोघांनी आपापलं काम मांडायचं.

म्हणजे टेबल उगाच नाही आलं.

पण माझ्याकडे उतार आहे. मॅडमना दोन महिन्यांत असं काय जमणार आहे? दवाखान्याच्या मागच्या टेकडीच्या उतारावर अकरा वर्षांपूर्वी मी स्वतः बारा लोखंडी सळया ठोकल्या. वरच्या काळ्या कातळात एक खिळा आहे, तो हलत नाही. दर तीन महिन्यांनी त्या खिळ्यापासून प्रत्येक सळईच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. सळई खालच्या बाजूला कलली, तर माती सरकतेय. साधं, स्वच्छ काम. अकरा वर्षांची एकही नोंद चुकलेली नाही. बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा मी सकाळी मोजून मगच दवाखान्यात गेलो होतो. जवळच पडतं.

आणि आता पालिकेच्या इंजिनिअरांनी आपणहून अहवाल मागितलाय. उतार धोक्याचा असेल तर खालची घरं हलवायची का, ते त्यांना ठरवायचंय. इंजिनिअर स्वतः बैठकीला येणार आहेत. मॅडमनी आणावं की कोणाला तरी!

गुरुवार, १४ ऑगस्ट

आज मोजणी. नेहमीप्रमाणे सकाळी सहाला उतारावर होतो. माणसं उठायच्या आत काम उरकायचं हा माझा नियम. एकदा का दारं उघडली, की काय करताय, कशाला करताय, आमच्या नळाचं बघा, सुरू होतं. पहिल्या वर्षी अंधुक उजेडात कुणाच्या तरी दोरीत पाय अडकून मी सपशेल आडवा झालो होतो. तेव्हा चांगला आवाज चढवला होता, चार घरांतले दिवे लागले होते. त्यानंतर सकाळी उतार कसा लख्ख मोकळा असतो. शिस्त लावली की लागते.

चार नंबरची सळई तीन महिन्यांत अडीच सेंटिमीटर! सात नंबर दोन! मी एकटाच कातळावर बसून हसलो. सगळ्या खालच्या बाजूला, घरांकडे कललेल्या. याहून चांगला पुरावा पुस्तकातसुद्धा सापडायचा नाही. सळयांची टोकं मात्र घासून गुळगुळीत झालीत आणि चार नंबरला निळे धागे चिकटले होते. पोरंटोरं काहीतरी बांधत असणार. धागे काढून टाकले.

नऊ नंबर नेहमीप्रमाणे शून्य. पाण्याच्या टाकीमागे आहे ती, कायम सावलीत. अकरा वर्षांत केसभर हललेली नाही. खाली दगड लागला असणार, बिघडलेलीच म्हणायची. अहवालातून वगळली. उगाच सरासरी खाली ओढते.

घरी आलो तर ही म्हणाली, "अहो, बाल्कनीतल्या दोरीचा हूक पार वाकलाय. ओल्या चादरी टाकल्या की जमिनीला टेकतात." म्हटलं, बघतो. माणूस इतकी मोठी गोष्ट सिद्ध करून आलाय आणि घरात हूक.

मंगळवार, १९ ऑगस्ट

मॅडमच्या टेबलाभोवती आज सतरा मुलं. मी मोजली. माझ्या टेबलाभोवती एक, तोही खडू मागायला आला होता.

खरी गोष्ट ही की मला बघवत नाही. हसतात काय, टाळ्या काय देतात! मुलं मला पाठीमागे 'खडक सर' म्हणतात, ते मला ठाऊक आहे. आजवर मला ते कौतुकच वाटत होतं.

पुढे ऐका. मुलांना घेऊन त्या कुठे जातायत? उतारावर! माझ्या उतारावर! घराघरातून फॉर्म भरून घेणार: कोण राहतं, कामाला कुठे जातं, पाणी कुठून आणतं, भिंतींना तडे आहेत का. टेकड्या काय कमी पडल्या होत्या? मी नुसतं म्हटलं, "तिथे माझं काम चालू आहे." तर म्हणाल्या, "हो सर, म्हणूनच तर! तुम्ही माती बघताय, आम्ही माणसं बघू." गोड बोलून माणूस कसा कापावा, ते यांच्याकडून शिकावं.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज डबा घरी विसरलो. ही पोस्टात नोकरीला, तिथून मधल्या सुट्टीत डबा द्यायला कॉलेजात आली. मी तासावर होतो. परत आलो तर ही मॅडमच्या उशीवर बसलेली आणि दोघी अशा बोलतायत जणू एका बाकावर शिकल्या.

संध्याकाळी हिने सगळं सांगितलं. मॅडम इथे एकट्या राहतात. आई दूर, अंथरुणाला खिळलेली. महिन्यातून दोनदा जाऊन येतात, रात्रभराचा प्रवास.

"मला कधी बोलल्या नाहीत," मी म्हटलं.

"तुम्ही विचारलंत?"

बायकांचं बायकांशी जमतं, असं म्हणून पेपर उघडला. पण डोक्यातून जाईना. माझ्या खोलीत बसून माझी मुलं पळवली, माझा उतार घेतला, आता माझी बायको. उरलं काय, तर वाकलेला हूक. तो अजून तसाच आहे.

बुधवार, ३ सप्टेंबर

मॅडम आज फार वेळ पेन्सिलीशी चाळा करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, एकदा दुपारी उतारावर येता का माझ्याबरोबर?"

"दुपारी कशाला?"

"तुम्ही स्वतः बघावं असं काहीतरी आहे."

"मॅडम, अकरा वर्षं मी तो उतार बघतोय."

"हो सर. पण सकाळी बघताय."

"माती सकाळी वेगळी आणि दुपारी वेगळी नसते," मी म्हटलं. उत्तर चोख दिलं. त्यांचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, लपवणार नाही. सगळ्यांसमोर मला वस्तीत फिरवायचं आणि मी कसा कुणाला ओळखत नाही ते मुलांना दाखवायचं, हाच डाव असणार.

सोमवार, ८ सप्टेंबर

जे केलं ते लिहून टाकतो, निदान इथे तरी.

मॅडम तासाला गेल्या होत्या. त्यांची वही टेबलावर उघडी होती. अगदी उघडी नव्हती. मी उघडली.

आत माझ्या उताराचा नकाशा! घरं, वाटा, नळ, टाकी, आणि त्यात माझ्या सळया, एक ते बारा, नंबरांसकट! चारपुढे लिहिलंय, 'मावशी, दवाखान्याच्या चादरी, रोज.' सातपुढे, 'जुळ्यांचं घर, दुपटी.' नऊपुढे, 'काही नाही, सावली.' बाकी प्रत्येकीपासून एकेका घराच्या खिडकीपर्यंत बारीक रेघ ओढलेली. खाली अधोरेखित: 'सरांना कसं सांगावं?'

सांगणार काय? की तुमचं काम मी घेतलं! माझ्या सळयांना माणसांची नावं जोडून स्वतःचा निबंध लिहायचा आणि बैठकीत मांडायचा. तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझ्या नकाशात आजवर एक घर काढलेलं नाही. समोच्च रेषा, कातळ आणि बारा ठिपके, बस. आणि यांनी त्यावर वस्ती बसवली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्राचार्यांकडे तक्रार केली. त्यांनी मॅडमना बोलावलं. मला वाटलं होतं, आता भांडतील, रडतील, वही का उघडली म्हणून माझ्यावरच उलटतील. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्या म्हणाल्या, "सरांच्या सळयांबद्दल मी बैठकीत एक शब्द बोलणार नाही. फक्त सरांनी त्याआधी एकदा दुपारी उतारावर जावं, एवढंच."

पुन्हा दुपार! प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

बुधवार, १० सप्टेंबर

मॅडमनी आपलं टेबल वाचनालयाच्या कोपऱ्यात हलवून घेतलं. खोली पुन्हा माझी. मामांनी कपाट जागेवर सरकवून दिलं. चहा आणला तो गार होता.

बुधवार, १७ सप्टेंबर

अहवाल पूर्ण. एकेचाळीस पानं. इंजिनिअरांना आधी पाठवला होता, त्यांचा आज फोन आला. म्हणाले, "सर, तुमच्या आकड्यांपुढे बोलायला जागाच नाही. खालच्या ओळीतली बत्तीस घरं रिकामी करायच्या यादीत टाकतोय. बैठकीत तुम्ही सही केलीत की नोटिसा काढतो."

फोन ठेवला आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. आता बघू म्हटलं, सतरा मुलं कोणाच्या टेबलाशी येतात! पेपर माझाच राहणार, यात शंका नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. ही चपला ठेवत होती, तशीच थांबली. "बत्तीस घरं? मग ती माणसं जाणार कुठे?"

"तो माझा विषय नाही. तो उजवीकडचा प्रश्न."

"कुठल्या उजवीकडचा?"

मी तिला फळ्यावरची रेघ समजावून सांगितली. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदाच सांगितली असेन. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चादरीवाल्या मावशी दर पहिल्या तारखेला पोस्टात येतात. लेकीला पैसे पाठवतात. त्यांना येत नाही म्हणून फॉर्म मी भरते. त्या कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, "भावनेने विज्ञान चालत नाही." ती आत गेली.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी नऊच्या सुमारास बाल्कनीत धाड्‌कन आवाज. हूक निघाला, भिंतीच्या गिलाव्यासकट. चार ओल्या चादरी खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या डोक्यावर. आजोबा चादरीतून ओरडतायत, ही जिन्यावरून धावतेय आणि मी हूक हातात घेऊन उभा. "दीड महिना सांगतेय!" ही खालून ओरडली. सगळ्या इमारतीने ऐकलं.

आजोबांची समजूत काढून झाल्यावर मी भिंतीचं भोक बघायला गेलो. शेजारी दुसरा हूक आहे, त्यालाही दोरी आहे, तोही वाकलाय. सवय म्हणून पट्टी लावून बघितलं. टोक पुढे आलंय, बरोबर दोरीच्या दिशेने. घासून गुळगुळीत झालंय. आणि त्याला निळे धागे चिकटलेत, दोरीचे.

पट्टी हातात तशीच राहिली.

मग अहवाल काढला. मग आठवली ती वही. सळयांपासून खिडक्यांपर्यंत ओढलेल्या बारीक रेघा. 'चादरी, रोज.' 'दुपटी.' 'काही नाही, सावली.'

नाही. असं नसेल. अकरा वर्षं कुणी मला दिसलं नसतं का?

सोमवार, २२ सप्टेंबर

दुपारी एक वाजता उतारावर गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मला आधी उतार ओळखूच येईना. जिकडेतिकडे कपडे. खालच्या घरांच्या खिडक्यांच्या गजांपासून वर माझ्या सळयांपर्यंत दोऱ्या ताणलेल्या आणि त्यांवर चादरी, परकर, दुपटी, शाळेचे गणवेश. चार नंबरच्या सळईवर दवाखान्याच्या नऊ पांढऱ्या चादरी, पाणी ठिबकतंय. मी उभा होतो त्या दहा मिनिटांत वाऱ्याने चादरी फुगल्या की सळई कुरकुरत होती. मला ऐकू येत होतं.

एक बाई चिमटे तोंडात धरून दहावी चादर टाकत होत्या. सत्तरीच्या असतील, पण दंड माझ्यापेक्षा जाड. माझ्याकडे बघून त्यांनी चिमटे काढले. "कोण पाहिजे?"

"ही सळई..." मी म्हटलं, "हिला दोरी कधीपासून बांधता?"

"सळई आली तेव्हापासून. दहा-अकरा वर्षं झाली की. पालिकेने ठोकल्यात दोऱ्यांसाठी. त्याआधी कपडे दगडांवर टाकायचो, अर्धे उडून जायचे. कोण देवमाणूस साहेब होता कोण जाणे, एवढं बारीक लक्ष कुणाचं असतं?"

मी विचारलं, "मग सकाळी दोऱ्या कशा दिसत नाहीत?"

"संध्याकाळी सोडून ठेवतो ना. पहिल्या वर्षी एक खवीस माणूस पहाटे दोरीत पडला, म्हणे. इतका ओरडला, इतका ओरडला, सातव्या घरची पोर घाबरून आजारी पडली. तेव्हापासून ठरवून टाकलं, अंधार पडायच्या आत दोऱ्या आत." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो."

मी म्हटलं, "नाही, नाही, मी इकडचा नाही." आणि खाली न उतरता वर चढलो. पळालोच म्हणा.

जाताना टाकीमागे बघितलं. नऊ नंबर सरळ उभी. दोरी नाही, कपडे नाहीत, सावलीत वाळणार कुठे? अकरा वर्षं तीच एकटी खरं सांगत होती आणि मी तिला बिघडलेली म्हणून काढून टाकलं. माती सरकत नाहीये. माझी अकरा वर्षं, एकेचाळीस पानं, चव्वेचाळीस सकाळी, म्हणजे काय? धुणं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

सकाळी वाटलं, गप्प बसावं. कोणाला कळणार आहे? मॅडमनी शब्द दिलाय, बोलणार नाहीत. सही करायची, पेपर माझा, खोली माझी. घरं पाडून झाली की कपडेही जातील आणि पुरावाही. हा विचार माझ्याच डोक्यात आला. लिहिताना लाज वाटते, पण आला. चांगला तासभर राहिला.

मग वाचनालयात गेलो. मॅडम कोपऱ्यात फॉर्म लावत बसल्या होत्या. मी समोरची खुर्ची ओढली, ती केवढ्यांदा वाजली. म्हटलं, "दुपारी जाऊन आलो."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ऑगस्टमध्ये."

"आणि महिनाभर गप्प बसलात? मला हसत होतात?"

"सर, पहिले आठ दिवस मला झोप नव्हती," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत? तुम्हाला वाटलं असतं, पेपरसाठी करतेय. आणि बैठकीत सांगितलं असतं तर अकरा वर्षांचं काम असं चारचौघांत... ते माझ्या हातून झालं नसतं. सळया तुमच्या. सांगायचं तर तुम्हीच."

"मी सही केली असती तर?"

"तर मग शब्द मोडला असता," त्या म्हणाल्या. "बत्तीस घरं आहेत सर."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी काय आलं, तर मत्सर, आणि आधीपेक्षा वाईट. मुलं, मामा, ही, सगळं एक वेळ सोडा. पण मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्याच दिवशी अख्ख्या कॉलेजात पेढे वाटल्यासारखी ही चूक सांगत सुटलो असतो. आणि ही बाई महिनाभर दुपार, दुपार करत माझ्या मागे फिरली. तिचं हे कुठून आणायचं? ते काही कपाटात मिळत नाही.

"तुमच्या फॉर्ममध्ये भिंतींच्या तड्यांचं विचारलं होतंत ना?" मी विचारलं.

"बत्तीसपैकी एकाही भिंतीला तडा नाही." त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला.

"मला याची प्रत लागेल," मी म्हटलं.

बुधवार, २४ सप्टेंबर

बैठक झाली.

आधी मॅडमनी मांडणी केली. चांगली केली. सळयांचं नाव काढलं नाही. मग मी उठलो. इंजिनिअरांनी यादी आणि पेन पुढे सरकवून ठेवलं होतं. मी म्हटलं, "हा अहवाल चुकीचा आहे. मी मोजलं ते मातीचं सरकणं नाही, ओल्या कपड्यांचं ओझं आहे."

कुणीतरी हसलं. प्राचार्यांना वाटलं, मी विनोद करतोय, म्हणून तेही हसले. मग मी वाकलेला हूक खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सहा वाजताचा नियम, दोरीत पडलो ते, ओरडलो ते, नऊ नंबर वगळली ते. वही उघडली तेही सांगितलं. एकदा सांगायला लागल्यावर थांबवेना. शेवटी नऊ नंबरचा शून्य आणि मॅडमचा तड्यांचा तक्ता शेजारी शेजारी ठेवला.

इंजिनिअरांनी दोन्ही कागद जवळ ओढले. म्हणाले, "सळई सांगते हलत नाही, भिंती सांगतात हलत नाही. आमची माणसं पाठवून एकदा तपासून घेतो. तोवर यादी रद्द." आणि समोरच कागद फाडला.

पेपर मॅडमना मिळाला. एकमताने. ते एक मत मीही दिलं, पण हात वर करताना तो माझा नव्हता असं वाटलं. प्राचार्य बाहेर त्यांचं अभिनंदन करत होते तेव्हा मी जिन्यावर उभा राहून ऐकत होतो. जळलो. लिहून ठेवतो: जळलो. खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात, माझं काही झालं नाही. तसाच घरी आलो.

हिने दार उघडलं. तिला फोनवर आधीच कळलं होतं, अर्थातच मॅडमकडून. ताट वाढलं आणि माझ्या समोर बसली. बसून राहिली, मी जेवेपर्यंत. असं कधी बसली होती, ते आठवत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

दोन नवे हूक आणले, भिंतीत पक्के बसवले. हिने दोन्हींना लोंबकळून बघितलं.

पालिकेची माणसं तपासून गेली. उतार घट्ट आहे. दुपारी सळया काढायला गेलो, काम संपलं ना. सोबत ही होती आणि मॅडम होत्या. मावशी दारात उभ्या. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, हिला पाट दिला, माझ्याकडे बघून बादली पालथी केली. बसलो. यांना खुर्ची, मला बादली. इथेसुद्धा!

मी चार नंबरला हात घातला तशा मावशी धावल्या. "अहो, काढताय काय! दोरी कुठे बांधू?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, त्या सरांच्याच आहेत. यांनीच ठोकल्यात."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "म्हणजे तो देवमाणूस तुम्ही?"

मी मान खाली घातली. खोटं आता पुरे झालं. म्हटलं, "हो. आणि पहाटे ओरडला तो खवीसही मीच."

हिने तोंडावर पदर घेतला, हसू आवरत नव्हतं. मावशी बराच वेळ हिशेब लावत होत्या. मग खुर्चीपाशी जाऊन म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही जरा उठा." खुर्ची ओल्या हाताने पुसली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. मॅडम बादलीवर बसल्या. मला आनंद झाला. लपवत नाही, झाला. पण बसवेना. बसलो तेव्हा कुणाकडे बघवेना.

मग सळया काढल्या नाहीत. सरळ केल्या आणि हातोड्याने आणखी खोल ठोकल्या. ही धरत होती, मी ठोकत होतो, कुठली कुणाच्या घरासमोर ते मॅडम सांगत होत्या. नऊ नंबरला हात लावला नाही. ती मोजायची आहे.

नोंदवही उघडली. आजपर्यंत आकड्यांपुढे 'शेरा' हा रकाना कोरा सोडत आलो. आज भरला.

क्र. ४: मावशी. दवाखान्याच्या चादरी, रोज दहा.
क्र. ७: जुळ्यांचं घर. दुपटी, दिवसातून दोनदा.
क्र. ९: शून्य. बरोबर.

बाकीच्या नऊ घरांची नावं अजून माहीत नाहीत. मॅडमच्या वहीत आहेत, पण मागणार नाही. दारं ठोठावून मीच विचारणार. दुपारी.